आधी काटा, मग पेज

५ डिसेंबर. शेळ्यांच्या गोठ्यातला लटकता वजनकाटा उतरवायचा आहे. शेळ्या विकून झाल्या; उद्या तलवाड्याचा व्यापारी काटाही न्यायला येणार. स्टुलावर चढले आणि आकड्याला बांधलेली लुगड्याची झोळी हाताला लागली. ती मामांनी बांधलेली. मामा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन महिना झाला. बाजारात बोकडाचे दात बघता बघता खाली बसले, ते उठलेच नाहीत. फोन आला तेव्हा मी आदूच्या गोळीची पूड पाण्यात कालवत होते. आधी ती पाजली, मग रडले.

आदू माझा धाकटा, दीड वर्षाचा. मला बेचाळिसाव्या वर्षी झाला. डाउन सिंड्रोम, आणि हृदयाला छिद्र. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करू, पण आधी वजन सात किलो होऊ द्या. दूध ओढतानाच हे पोर घामाघूम होऊन झोपी जायचं. अर्धी वाटी पेज भरवेपर्यंत पुढच्या वाटीची वेळ व्हायची. नातेवाईक हळहळून जायचे, वाटी कुणी धरत नव्हतं. मामांनी धरली. "शोभा, तू पड जरा. हे गिऱ्हाईक माज्याकडं दे." जन्मभर शेळ्या-बोकडांचा धंदा केलेला माणूस, दर बाजाराच्या सकाळी नातवाला झोळीत घालून काट्याला लटकवायचा. आदूला तो झोका वाटायचा. झोळीत बसला की आपणहून तोंड उघडायचा, एरवी नाही. मामांचे सोबती दारातून ओरडायचे, "काय मामा, हे बोकड कितीला?"

"तुज्या बापाला परवडायचं न्हाई. चल, हो म्होरं."

बाजाराआधी बोकडाला मीठ चाटवलं की ते पोटभर पाणी पितं आणि काट्यावर भरतं, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. शहरातल्या दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मामांनी आदूच्या पेजेत मीठ घातलं आणि दिवसभर पाणी पाजत राहिले. मला वाटलं, लाड चाललेत. दवाखान्यात वजन चांगलं भरलं. मामा माझ्याकडं बघून हसले. डॉक्टरांनी मात्र आदूच्या पायावर बोट दाबलं. खड्डा पडला तो भरून येईना. काय दिलं, विचारल्यावर मामांनी छाती काढून सांगितलं, "बाजाराच्या दिशी बोकडाला देतो, तेच."

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. "आजोबा, त्याचं हृदय आधीच थकलंय. त्यावर हे पाणी ओढायचं…"

आदूला तिथंच ठेवून घेतलं. मामा जिन्यात बसून राहिले, चहासुद्धा घेतला नाही. चार दिवसांनी आदूला घेऊन एसटीनं परतलो. गेवराई आल्यावर मामा खिडकीकडं तोंड करून म्हणाले, "वाटलं, वजन भरलं की आप्रेशन हुईल, पोरगं लवकर सुटंल…" रागवायचं त्राण माझ्यात नव्हतं. "पुन्हा करू नका," एवढंच म्हणाले.

त्यांनी केलं नाही. आदूच्या बाबतीत नाहीच, बोकडांच्या बाबतीतही नाही. सोबती हसायचे, तर मामा म्हणायचे, "काट्याला कशाला फसवायचं बे?" घरात नियम झाला: आधी काटा, मग पेज. उपाशीपोटी भरेल तेच खरं. आदू झोळीत आ वासून बसायचा आणि मामा त्याला दटावायचे, "थांब बे. खरं कळू दे की."

ते गेल्यापासून आदू तोंड मिटून असतो. गाल दाबून भरवावं तर ओकून टाकतो. महिनाभर मी त्याचं वजन केलेलं नाही. वेळ नव्हता हे एक. आणि आकडा बघायचा नव्हता.

काटा न उतरवताच मी स्टुलावरून खाली आले.

६ डिसेंबर. सकाळी व्यापारी आला. काटा द्यायचा नाही म्हटल्यावर म्हणाला, "वैनी, शेळ्या न्हाईत, आता काटा कशाला?"

"एक बोकड राहिलाय," मी म्हटलं.

तो गेल्यावर झोळी झटकली, आदूला आत बसवलं. त्यानं छपराकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं… आणि आ केला. वाटी माझ्या हातातच होती. "थांब बे," मी म्हटलं. काटा हलायचा थांबला. आकडा मागच्या महिन्यापेक्षा कमी. नीट वाचला, आणि मग पहिला चमचा दिला.