मास्क काढून एक मिनिट

डायव्हिंग शिकवणाऱ्या या बाईला तलावावरचे सगळे मागून 'हेडमास्तरीण' म्हणत. म्हणेनात का. बारा वर्षांत तिच्या हाताखालचे शेकडो नवशिके समुद्रात उतरले आणि सगळेच्या सगळे धडधाकट वर आले. तिचं म्हणणं एवढंच असे, की तलावाच्या तळाशी गुडघे टेका, डोळ्यांवरचा मास्क काढा, एक मिनिट पाठीवरच्या टाकीच्या नळीतून नुसत्या तोंडाने श्वास घ्या, मग मास्क चढवून नाकाने हवा फुंका आणि आतलं पाणी बाहेर घालवा. जमलं तर समुद्रात उतरायच्या परवान्याच्या कार्डावर सही. नाही तर पुन्हा.

त्या दिवशी दातांचे डॉक्टर तिसऱ्यांदा नापास झाले. दिवसभर लोकांना 'घाबरू नका' सांगणारा हा माणूस मास्क निघताच हातपाय झाडत वर पळाला, आणि तेही श्वास रोखून. तिचं डोकं फिरायचं ते यानेच. नळीतून घेतलेली हवा वर येताना फुगते. ती छातीत कोंडून धरली, तर पुरुषभर पाण्यातसुद्धा फुप्फुस फाटू शकतं.

डायव्हिंग केंद्राचा मालक म्हणजे तिचा धाकटा दीर. तो कागद घेऊनच आला.

"वहिनी, करून टाका सही. उद्याच्या बोटीत डॉक्टरांचं सगळं कुटुंब आहे. समुद्रात त्यांना मास्क काढायला सांगतंय कोण?"

"शेजाऱ्याची लाथ लागली की आपोआप निघतो."

"तुम्ही उगाच बाऊ करता. पलीकडच्या केंद्रात दोन दिवसांत कार्ड देतात. एवढं काय आहे त्यात?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग उतरा ना, भाऊजी. डॉक्टरांना दाखवा किती सोपं असतं ते."

डॉक्टर समोर उभे. आता माघार कशी घेणार? दिराने टाकी पाठीवर चढवली आणि तिच्यामागोमाग तळ गाठला. मास्क काढला. मोजून सहा सेकंद गेले असतील. डोळे गच्च मिटून, गाल फुगवून स्वारी वर निघाली. नळी तोंडात होती, श्वास मात्र बंद. तिने त्याचा पट्टा पकडला, त्याला जागीच धरलं आणि तोंडातून बुडबुडे सुटेपर्यंत पोटावर थापट्या मारल्या. मग हळूहळू वर आणलं.

काठावर तो खोकत बसला.

"इतकी वर्षं लोकांना समुद्रात नेताय तुम्ही," ती कडाडली. "कुठल्या शहाण्याने दिलं तुम्हाला कार्ड?"

दिराने नाक पुसलं. "तुम्हीच दिलंत, वहिनी. लग्न होऊन आलात त्या वर्षी."

खरं होतं. सासूबाई म्हणाल्या होत्या, घरातलाच आहे, त्याची कसली परीक्षा घेतेस. आणि नव्या सुनेने मुकाट्याने सही केली होती. परक्यांना रडेपर्यंत पाण्यात बसवणारी ही बाई घरातल्या माणसापुढे शेपूट घालून मोकळी झाली होती.

ती ऑफिसात गेली, त्याची फाइल काढली आणि आपली सही असलेला कागद टराटरा फाडला.

"उद्या बोटीवर डॉक्टर नाहीत, आणि तुम्हीही नाही," ती बाहेर येऊन म्हणाली. "सकाळी सहाला दोघंही इथे तलावात."

आवाज चढला नव्हता. पण इतका राग तिला आजवर कोणाचाच आला नव्हता, आणि आज आला होता तो स्वतःचा.