आईच्या लग्नात मी जेवलेय

आईच्या लग्नात मी पोटभर जेवलेय.

हसू नका. खरंच.

आई आज सकाळी वारली. कर्नाळ्याच्या पायथ्याला आमची कातकरी वाडी आहे, तिथे.

तिचे वडील लगीनगडी होते. म्हणजे लग्नाच्या खर्चासाठी मालकाकडून उचल घेतली आणि ती फेडायला नवरा-बायको जन्मभर त्याच्याच दारात राबले.
गुलामी कधीच बंद झालीय म्हणे. आमच्याकडे ती हळद लावून यायची.

आई वयात आली तेव्हा वीटभट्टीचा शेट तिला आणि बाबांना म्हणाला, "तुमचं लग्न मी लावून देतो. दोघं दर साली माझ्याच भट्टीवर या."
आई म्हणाली, "नको शेट. आमी असंच राहू."

आणि राहिली की! बाबांबरोबर, बिनहळदीची. आमच्यात त्याला कोणी नावं ठेवत नाही. ऐपत आली की लग्न करतात.

पुढे खारघरला टॉवर उठायला लागले, तशी ती बिगारी कामाला गेली. आज या साइटवर, उद्या त्या. मुकादमाने शिवी दिली की घमेलं खाली ठेवायची आणि सरळ चालू पडायची.
तिच्या वडिलांना हे एकदाही जमलं नव्हतं.

तुमच्या वेल-प्लॅन्ड सिटीच्या भिंतीत, पीओपीच्या मागे, माझ्या आईचा घाम आहे. आणि गेटवर मलाच विचारता, "कुठून आलात?"
इथूनच. तुमच्या आधीपासून.

माझं लग्न ठरलं, तेव्हा त्याच मांडवात आधी आई-बाबांना हळद लागली. मग मला.
ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं, "काकू, इतकी वर्षं का थांबलात?"
आई म्हणाली, "नवरा माझा व्हता गं. लगीन शेटचं झालं असतं."

आज त्या शेटचा मुलगा गाडी घेऊन वाडीवर आला. "काकी आमच्या घरचीच होती. सगळा खर्च माझ्याकडे."

बाबा आयुष्यात कुणाला उलटून बोललेले नाहीत. आज उठून उभे राहिले.

"नको शेट. लगीन आमचं आमी केलं. मयत बी आमीच करू."

मला इतकं रडू आलं, आणि इतका अभिमान वाटला.

आईला तिच्या लग्नातलंच लुगडं नेसवलं. वाडीतल्या माणसांनी खांदा दिला. शेटची गाडी रस्त्यात होती, ती आधी बाजूला घ्यायला लावली.

नीट जा, आई. तू कुणाची नव्हतीस. आमची होतीस.