गाडीचं प्रगतिपुस्तक

चष्मेवाले चिक्कू होते असं बाजारात कुणी म्हणालं, तर त्याला तोंडावर सांगायला हवं की बाबा रे, तुला तो माणूस कळलाच नाही. एखाद्या म्हातारीकडे पैसे कमी पडले तर ‘राहू द्या हो, पुढच्या वेळी’ म्हणून तिला नव्या काचा बसवून देणारे गृहस्थ ते. चिडायचे फक्त एका गोष्टीवर. जी वस्तू हातात येत नाही, डोळ्यांना दिसत नाही आणि वर्ष संपलं की हवेत विरून जाते, तिच्यासाठी खिसा का रिकामा करायचा? ती वस्तू म्हणजे गाडीचा विमा.

गाडी होती राखाडी रंगाची, दुसऱ्याने वापरून विकलेली. विम्याची मुदत संपायला पंधरा दिवस उरले की चष्मेवाले दुकानाच्या काउंटरवर वही उघडून बसत आणि एकामागून एक पाच कंपन्यांना फोन लावत. गाडी रस्त्यात बंद पडली तर ओढून नेण्याची सोय? काढून टाका, मेकॅनिक माझा शेजारी आहे. लहानसहान नुकसान मी स्वतः भरतो, मग किती कमी कराल? गेली अकरा वर्षं मी एकदाही भरपाई मागितलेली नाही, त्याचं काय ते बोला. पलीकडचा माणूस मेटाकुटीला येई. दुकानाच्या वरच दोन खोल्यांत बिऱ्हाड होतं. बायको जिन्यात उभी राहून ऐकायची आणि फोन ठेवला की म्हणायची, बिचाऱ्याला निदान पाणी तरी पिऊ द्यायचं होतंत.

वाचलेल्या पैशांचं पुढे काय झालं, हे मात्र चष्मेवाल्यांना सांगता आलं नसतं. ते घरखर्चात कुठेतरी जिरून जात. त्यांना गोडी होती ती वाचवण्याची.

चार वर्षांपूर्वी पाचव्या कंपनीच्या विमावाल्या बाईंनी फोनवर एक नवीनच गोष्ट सांगितली. काड्यापेटीएवढी एक काळी डबी गाडीत बसवायची. तुम्ही गाडी कशी चालवता ते ती टिपून घेते. अचानक ब्रेक दाबला, गाडी एकदम दामटली, वळणावर जोरात घातली, की गुण कापले जातात. दर महिन्याला, रोजच्या हिशेबासकट, शंभरपैकी गुण मिळतात. वर्षभर पंच्याण्णवच्या वर राहिलात तर हप्त्यात चौथाई सूट. चष्मेवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी डबी बसवून घेतली.

पहिल्या महिन्यात एक्क्याण्णव आले आणि त्यांना जेवण गोड लागेना. बेकरीच्या वळणावर एक मांजर आडवी आली होती, तिच्यापायी गुण गेले, असा त्यांनी शोध लावला. मग त्यांनी अभ्यासच सुरू केला. बायकोला शेजारी बसवायचं, तिच्या हातात काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला द्यायचा आणि एक थेंबही न सांडता बाजाराला चक्कर मारून यायचं. लांबून सिग्नल पिवळा दिसला की पाय आपोआप वर यायला हवा, हा त्यांचा नियम. महिन्याभरात तो पायात इतका मुरला, की गाडीत बसलेल्याला ती थांबली कधी आणि निघाली कधी हेच कळू नये.

बायकोने त्या डबीचं नाव सवत ठेवलं होतं. “माझं एक ऐकत नाहीत,” ती मेकॅनिकच्या बायकोला सांगायची, “आणि तिच्या धाकाने बघ कसे सरळ चालतात.” दर महिन्याच्या गुणांना ती प्रगतिपुस्तक म्हणायची. एक तारीख आली की विचारायची, पास का नापास? चष्मेवाले हसायचे. सवत हा शब्द त्यांना आवडायचा, खोटं कशाला बोला.

लेकीला मात्र हसू आलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीला उशीर झाला म्हणून ती गाडी घेऊन निघाली आणि पोहोचायच्या घाईत तिने ती पळवली. त्या महिन्यात आले अठ्ठ्याऐंशी. चष्मेवाले रागावले नाहीत. त्यांनी गाडीची किल्ली काउंटरमागच्या खिळ्याला अडकवली आणि म्हणाले, बाळा, तुला बसचा पास काढून देतो. रागावले असते तर परवडलं असतं. लेकीने पुन्हा कधी किल्ली मागितली नाही. नोकरी लागल्यावर ती शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. पण चष्मेवाल्यांना ई-मेल जमत नसे म्हणून प्रगतिपुस्तक यायचं तिच्याकडेच, आणि एक तारखेला ती फोन करून आकडा सांगायची. आकडा सांगायची, आईची चौकशी करायची आणि फोन ठेवायची.

मग एका महिन्याच्या चौदा तारखेला दुपारी चष्मेवाले जेवायला वर आले तेव्हा बायको जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. घामाने निथळत होती. पित्त झालंय म्हणाली. पाठीत भरून आलंय, जबडा ओढल्यासारखा होतोय म्हणाली. रुग्णवाहिकेला फोन लावला, तर यायला अर्धा तास लागेल असं उत्तर मिळालं. गाडी दारातच होती. मेकॅनिकने आणि त्यांनी मिळून तिला जिन्यावरून उतरवलं आणि पुढच्या सीटवर बसवलं.

मोठ्या इस्पितळाकडे जाणारा रस्ता त्यांना पाठ होता. बेकरीचं वळण, मग शाळा, मग लाकडाच्या वखारीचा सिग्नल, मग पूल. बायकोने एक हात डॅशबोर्डवर टेकवला होता. शाळेपाशी तिने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

“अहो,” ती म्हणाली, “आज तिचं नका ऐकू.”

“नाही ऐकत,” चष्मेवाले म्हणाले.

आणि ते खरंच बोलत होते. त्यांचे कान तापले होते, छाती धडधडत होती, स्टिअरिंगवर हात घट्ट आवळले होते. आयुष्यात कधी नव्हे इतक्या वेगाने आपण निघालोय, असंच त्यांना वाटत होतं. वखारीपाशी मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून डोकं उठवलं होतं, तेही त्यांना नंतर आठवत होतं.

तिला आत नेलं आणि वीस मिनिटांत सगळं संपलं. चष्मेवाल्यांनी डॉक्टरला एकच विचारलं, जरा आधी आलो असतो तर? डॉक्टर तरुण होता. तो म्हणाला, अशा वेळी पाच-दहा मिनिटांनीही फरक पडतो कधीकधी, पण तसं सांगता येत नाही. नको तिथे खरं बोलला.

पुढचे पंधरा दिवस भेटायला येणाऱ्यांचा ओघ होता. चष्मेवाले प्रत्येकाला तीच हकिगत सांगायचे, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. जीव तोडून गाडी चालवली हो. काही पाहिलं नाही, सिग्नल नाही न् काही नाही. चार वर्षांचे गुण मातीत घातले, म्हटलं खड्ड्यात गेली ती सूट. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. लेक पाठीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, बाबा, तुम्ही शर्थ केलीत. तेवढ्या एका वाक्यावर तो माणूस तग धरून होता. आपण काही कमी पडलो नाही, हे एक जरी टिकलं तरी उरलेले दिवस कसेबसे रेटता येतील, असा त्यांचा मनाशी करार होता.

म्हणूनच त्यांना ते प्रगतिपुस्तक हवं होतं. चौदा तारखेपुढे मोठा भोपळा असणार. कंपनीच्या कागदावर, छापील. तो कागद ते पाकिटात ठेवणार होते.

एक तारखेला लेकीचा फोन आला, पण आकडा तिने सांगितला नाही. चष्मेवाल्यांनी विचारलं तर म्हणाली, अजून आलंच नाही. तीन तारखेलाही तेच. पाच तारखेला म्हणाली, कंपनीत काहीतरी बिघाड झालाय म्हणे, मी बघते, तुम्ही नका त्रास घेऊ. सहा तारखेला चष्मेवाल्यांनी दुकान बंद केलं आणि बस पकडून थेट विमा कंपनीच्या ऑफिसात गेले. चौदा तारखेपासून त्यांनी गाडीला हात लावला नव्हता.

विमावाल्या बाईंना ते पहिल्यांदाच बघत होते. चार वर्षांच्या घासाघिशीने बाईंना त्यांचा आवाज पाठ झाला होता. त्या मनापासून खूश झाल्या, खुर्ची दिली. म्हणाल्या, साहेब, हा महिना म्हणजे तुमचा विक्रम आहे, अठ्ठ्याण्णव. यंदा सगळ्यांत मोठी सूट तुम्हालाच. आणि त्यांनी कागद छापून हातात दिला.

चष्मेवाल्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद डोळ्यांजवळ धरला. तारीख चौदा. निघाली एक वाजून बारा मिनिटांनी. पोहोचली एक एकतीसला. अचानक ब्रेक, शून्य. वेगमर्यादा ओलांडली, शून्य वेळा. गुण, शंभर. या रस्त्याला त्यांना नेहमी एकोणीस मिनिटंच लागायची. इतरांना बारा लागतात, हे त्यांना लेकीनेच एकदा चिडून सांगितलं होतं.

तेव्हा कुठे त्यांना तो ट्रकवाला नीट आठवला. वखारीचा सिग्नल लांबून पिवळा दिसला होता आणि पाय आपोआप वर आला होता. गाडी अलगद थांबली होती. रस्ता मोकळा होता. मागचा माणूस जीव खाऊन हॉर्न वाजवत होता आणि आपण तिला घेऊन लाल दिव्याकडे बघत बसलो होतो. शाळेपुढचा स्पीडब्रेकरही तसाच, इतका हळू की पेल्यातलं पाणी हललं नसतं.

“हे चुकलंय,” ते म्हणाले. “गुण कमी करा.”

बाईंना वाटलं, ऐकण्यात काही गल्लत झाली. त्या समजावू लागल्या की शंभर म्हणजे चांगलेच, यातून तुमचा फायदाच आहे.

“शंभर नका देऊ,” चष्मेवाले म्हणाले. “नव्वद करा. ऐंशी करा. तुमच्या हातात आहे ना? पन्नास करा, बाई.”

आयुष्यभर घासाघीस केलेला तो आवाज होता. बाई हळूच म्हणाल्या की डबीचे आकडे आम्हाला बदलता येत नाहीत आणि डबी सहसा चुकत नाही. मग त्यांचा चेहरा बघून त्यांनी पाणी मागवलं. चष्मेवाल्यांनी पेला उचलला, पण तोंडाला लावला नाही. जाताना त्यांनी एकच सांगितलं, डबी काढून घ्या, यंदा पूर्ण हप्ता भरतो. बाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

संध्याकाळी लेक घरी आलेली होती. तिने खिडक्या उघडल्या होत्या, भात टाकला होता, आईची शाल घडी करून खुर्चीवर ठेवली होती. चष्मेवाले जिना चढून आले आणि त्याच खुर्चीच्या कडेला टेकले. कोटाच्या आतल्या खिशात तो कागद होता. लेक ओट्याकडे तोंड करून उभी होती. पाठमोरीच म्हणाली,

“बाबा, ते आलं एकदाचं. प्रगतिपुस्तक.”

चष्मेवाल्यांनी मान वर केली.

“फार कमी आहेत हो गुण,” ती म्हणाली. “बावन्न. सूट गेली सगळी. चौदा तारखेला तर तुम्ही गाडी काय पळवलीत, त्यांनी भोपळाच दिलाय.”

याच पोरीची किल्ली त्यांनी बारा गुणांसाठी खिळ्याला टांगली होती. आता ती त्यांच्याकडे वळून बघायला धजत नव्हती, आणि हातातला डाव भातात उगीचच फिरवत होती. चष्मेवाल्यांनी खिशावर हात ठेवला. कागद तिथेच होता. तो बाहेर काढावा असं क्षणभर त्यांना वाटलं, कारण हे एकट्याने पेलण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. पण पोरीने हे ओझं सहा दिवस एकटीने वाहिलं होतं.

“बावन्न ना?” ते म्हणाले. “वाटलंच होतं मला.”

“हो,” लेक म्हणाली.

मग तिने दोन ताटं घेतली आणि ते दोघं जेवायला बसले.