झाकणबाई

आमच्या वन्संना घरातले सगळे पाठीमागे ‘झाकणबाई’ म्हणतात. लहान मुलांचे डोळे तपासणं हे त्यांचं काम. दवाखान्यात तपासा की खुशाल! पण नाही. कुणाकडेही गेल्या की टेकायच्या आत त्या घरचं पोर यांच्या मांडीवर आणि पोराच्या एका डोळ्यावर यांचा तळहात. मग दुसऱ्या डोळ्यावर. पोर भोकाड पसरतं, आई तोंड वाकडं करते, ह्यांना त्याचं सोयरसुतक नाही.

माझ्या तीन वर्षांच्या चिमीच्या वाटेला जायचं नाही, असं मी बजावलं होतं. तरी मी स्वयंपाकघरात गेल्याचं बघून त्यांनी डाव साधलाच. डावा डोळा झाकला, चिमी खिदळली. उजवा झाकला, तर कडकडून चावली.

“बरं झालं!” मी म्हणाले.

“फारच बरं झालं,” वन्सं बोट चोळत म्हणाल्या. “उजवा झाकला की तिला दिसेनासं होतं, म्हणून चवताळते. डावा अधू आहे. उद्या घेऊन ये.”

माझं डोकंच फिरलं. “फरशीवरची मुंगी वेचते माझी पोर!”

“उजव्यानं वेचते.”

नवऱ्यानं भुणभुण लावली म्हणून गेले. वन्संनी चिमीच्या उजव्या डोळ्यापुढे काळं झाकण धरलं. कार्टी मान वाकडी करून कडेनं बघायला लागली. वन्सं तिच्याहून वस्ताद, त्यांनी सरळ चिकटपट्टी लावली. समोरच्या तक्त्यावर घर, बदक, सफरचंद. चिमी गप्प.

“लाजते ती,” मी म्हणाले. “एका डोळ्यानं कुणाला एवढं दिसतं?”

“बस इथं.” त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि माझा उजवा डोळा झाकला.

बदक गायब. घरही गायब. तक्त्याच्या जागी नुसता पांढरट डाग.

“वन्सं, हे काय?”

“लहानपणी कुणी झाकून बघितलं नाही गं तुझं. आता फारसा सुधारायचा नाही. हिचा सुधारेल. चष्मा, आणि रोज उजव्यावर पट्टी.”

बत्तीस वर्षं मी एकाच डोळ्यावर काढली आणि मला पत्ता नाही! रडायला मात्र दोन्ही डोळे सारखेच चालले.

नाक पुसून मी म्हणाले, “माझ्या बहिणीचं बाळ आठ महिन्यांचं आहे. संध्याकाळी मोकळ्या आहात?”