मामांचा कडता

माझ्या बायकोच्या मामांइतका वजनाच्या बाबतीत कठोर माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल, आणि झाला असेल तर मामांनी त्याचंही वजन करून ठेवलं असेल. मामा मूळचे धुळ्याकडचे, पण उभी हयात त्यांनी जामनेरच्या बाजारात मापाडी म्हणून काढली. धान्याचं पोतं काट्यावर चढलं की त्यातून बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं, वजन वजा करायचं, त्याला कडता म्हणतात. मामांचा कडता कधी चुकला नाही. त्यांनी शेतकऱ्याला झुकतं माप दिलं नाही आणि व्यापाऱ्यालाही दिलं नाही. निवृत्त होऊन ते जळगावात पिंप्राळ्याला राहायला आले, तेव्हा बाजार मागे राहिला, कडता मात्र बरोबर आला. आमच्या मुलीच्या बारशाला बायका पाळणा म्हणत असताना मामांनी तिला पाळण्यातून उचललं, तळहातांवर दोनदा खालीवर केलं आणि भर मंडपात जाहीर केलं, "सव्वातीन किलो. झबलं, टोपी, दुपटं कडत्यात." कुणीतरी हौसेने खरा काटा आणून पाहिला तर दहा ग्रॅमांचा फरक निघाला. तो काजळाचा, असं मामांचं म्हणणं पडलं.

त्यांच्या दारामागे एक ताणकाटा टांगलेला असतो. निघताना मामी कुणालाही रिकाम्या हाताने जाऊ देत नाहीत आणि मामा कुणालाही वजन केल्याशिवाय जाऊ देत नाहीत. पिशवी आकड्याला अडकवायची, आकडा मोठ्याने वाचायचा, मग नमस्कार. अनावश्यक वजन म्हणजे त्यांच्या लेखी चोरीच. त्यांनी आपल्या स्कूटरचे आरसे काढले, बाजूची झाकणं काढली, मागची सीट काढली (मामी तेव्हापासून रिक्षाने जातात) आणि शेवटी स्टेपनीही काढली. मग एकदा पाचोऱ्याच्या रस्त्यावर टायर पंक्चर झालं आणि भर उन्हात तीन किलोमीटर ढकलत यावं लागलं. मी हळहळ व्यक्त केली तर म्हणाले, "पण ढकलाले कशी हलकी लागनी, ते इचारा ना!"

मामांचा मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याचा कॉम्प्युटर घरी राहिला. त्यात एक खेळ होता. सुटे भाग जोडून अंतराळयान बांधायचं आणि उडवायचं. मामांना त्यातलं आकाश, ग्रह, तारे यांत काडीचा रस नव्हता, पण यान बांधताना पडद्याच्या कोपऱ्यात त्याचं एकूण वजन दिसे. तो आकडा त्यांनी पाहिला आणि मामा हातचे गेले. सहा महिन्यांत ते असे तरबेज झाले की इंटरनेटवरच्या खेळाडूंच्या एका स्पर्धेत त्यांनी नाव घातलं. चंद्रावर उतरून परत येणारं सर्वांत हलकं यान कोण बांधतो, अशी ती स्पर्धा होती. मुदत महिनाअखेरची होती. मामांना ती जिंकायची होती. सत्तरीच्या माणसाला एखादी गोष्ट इतकी हवी असलेली मी तरी पाहिली नव्हती.

मग कडता सुरू झाला. यानाची शिडी गेली, दिवे गेले, पाय गेले, कारण उतरायला इंजिनाचं बूड पुरतं. शेवटी केबिनही गेली आणि आतला पांढऱ्या पोशाखातला बोटभर माणूस इंधनाच्या टाकीवर एका उघड्या खुर्चीत येऊन बसला. मामी त्याला पाव्हना म्हणत. "अहो, त्याले वारा लागी ना," त्या म्हणाल्या. चंद्रावर वारा नसतो, हे मामांना माहीत होतं, तरी त्यांनी ती खुर्ची एकदा फिरवून पाहिली. स्पर्धेतल्या काहींनी तर माणूसच काढून टाकला होता आणि यान नुसतं यंत्रावर पाठवलं होतं. तसं केल्यास यान चांगलंच हलकं होतं, हे मी मामांच्या कानावर घातलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी काट्याखाली बोट लावलं होतं. "माणूस कडतामा धरतस नही, जवाईबापू."

परतीच्या इंधनाचाही त्यांनी थेंब थेंब मोजून काढला. काटा मधोमध, ना इकडे ना तिकडे. यान उडालं, चंद्रावर बुडावर उतरलं, परत निघालं, पृथ्वीपाशी पोचलं आणि खाली यायला शेवटचा एक हिसका उरलेला असताना इंधन संपलं. पाव्हना पृथ्वीभोवती फिरत राहिला. मामांनी मुलाला फोन लावला. मी तिथेच होतो, फोन स्पीकरवर होता. मुलगा हसून म्हणाला, "बाबा, उड्डाणाआधीचा जुना सेव्ह उघडा, चमचाभर इंधन वाढवा आणि परत उडवा. सगळे तेच करतात. तरी तुमचंच सर्वांत हलकं ठरेल."

"आनि हाऊ वर शे, त्यानं काय?"

"तो राहणारच नाही ना मग. पुसला जाईल."

मामांनी फोन ठेवला. मला हसू आलं, आणि मामांचा चेहरा पाहून हसल्याची लाज वाटली.

त्यानंतरचे सगळे दिवस त्यांनी त्याला खाली आणण्यात घालवले. त्यासाठी वेगळं यान बांधलं, रिकामं, यंत्रावर चालणारं, कारण जागा त्याच्यासाठी हवी होती. त्यात बंद केबिन घातली, दिवे घातले, शिडी घातली, दोन पॅराशूट घातली. "उपाशी व्हई तो," असं मामी म्हणाल्या, म्हणून एक साठ्याचा डबाही जोडला, जरी त्या खेळात कुणी जेवत नाही. सुटकेचं पहिलं यान पाव्हन्यासमोरून पाचोऱ्याला न थांबणाऱ्या एक्स्प्रेससारखं निघून गेलं. दुसरं भरकटलं. दरम्यान स्पर्धेची मुदत टळून गेली. मामांनी तिचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि मीही काढलं नाही.

तिसऱ्या वेळी मी रविवारचा धुळ्याहून आलो होतो. भरीत-भाकरी झाली होती. मामी पडद्यापाशी उभ्या राहिल्या. ते अवजड यान पाव्हन्याजवळ जाऊन थांबलं, तो खुर्चीतून सुटून तरंगत आला आणि आत शिरला. दोन्ही पॅराशूट उघडली. यान समुद्रात पडलं, बुडालं आणि वर आलं.

"पाव्हना घर उना," मामी म्हणाल्या.

मामांनी चष्मा पुसला आणि मुलाला फोन लावला. "उना तो," एवढंच सांगितलं. पलीकडून शाबासकी ऐकू आली. मग मामांनी विचारलं, "तू कव्हय येशी?" मुलगा कधी येतो म्हणाला ते कळलं नाही, कारण या वेळी फोन कानाला होता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामा, या यानाचं वजन किती भरलं?"

"देखं नही भो," ते म्हणाले.

निघताना मामींनी पिशवीत वांगी भरली. मामांनी वरून आणखी दोन टाकली, थांबले, आणि आणखी एक टाकलं. सवयीने मी दारामागच्या ताणकाट्याकडे वळलो. "राहू द्या," मामा म्हणाले आणि पिशवी स्वतःच माझ्या हातात दिली. बसमध्ये धुळ्यापर्यंत ती माझ्या मांडीवर होती. जड होती, एवढंच मला सांगता येईल.