नेपानगरला गेलेली सोळा पानं

मी गणित शिकवते. कुणी भुताखेतांचं सांगू लागलं की मी तोंडावर विचारते, "पुरावा काय?" त्यामुळे शाळेत माझं फारसं कुणाशी जमत नाही. आता हाच प्रश्न मला विचारला जाणार, हे ठाऊक असूनही लिहिते आहे...

आम्ही बुऱ्हाणपूरला सिंधीपुऱ्यात राहतो. नवं राज्य झालं, आम्ही मराठी मुलखाबाहेर राहिलो, कचेरीचे कागद हिंदीत आले आणि आमच्या वाचनालयात पुण्याची पुस्तकं येणं कमी झालं. मग कुणाच्या घरून दान आलेली सुटी-सैल पुस्तकं बांधून घ्यायची आणि वाचायची. बांधणारे चाचा हाताचे पक्के, पण मराठी येत नाही. पानांवरचे आकडे बघून सोळा-सोळा पानांचे गठ्ठे लावतात. एवढं लक्षात ठेवा.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शाळेतून आले की मी त्यांना वाचून दाखवायची. ऐतिहासिक कादंबरी असली की दादा खाटेवर बसूनच असीरगड चढायचे. रहस्यकथेला मात्र आमचा नियम होता — शेवटच्या प्रकरणाआधी थांबायचं, दादांनी खुनी सांगायचा, मी ते नाव चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पुस्तकात ठेवायची. दादा कधी चुकले नाहीत. मला त्यांचं भारी कौतुक, आणि थोडा रागही, कारण मी दर वेळी चुकायची.

ऑपरेशन इंदूरला ठरलं. दादा घाबरले होते. तसं बोलले नाहीत, पण दोनदा तारीख टाळली. डॉक्टरांनी सांगितलं, आता उशीर केलात तर नजर गेली म्हणून समजा. तेव्हा म्हणाले, "हे पुस्तक होऊ दे बेटा, मग चलतो. खुनी कळल्याबिगर मी टेबलावर झोपणार नाही."

निघायच्या सकाळी शेवटचं प्रकरण उरलं. चिठ्ठीवर लिहिलं : 'डॉक्टर.' मग वाचत गेले, कुठे अडखळले नाही. खुनी निघाला घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा. बेड्या पडल्यावर तो फौजदाराला एवढंच सांगतो, "भिंतीवरच्या घड्याळाला रविवारी चावी द्या, नाहीतर बंद पडतं."

दादा हसायलाच लागले. "घ्या, फसवलं की यानं मला. काय डोकं आहे माणसाचं... चल, टांगा बोलाव."

चिठ्ठीवर मी 'चूक' असं लिहिलं. फार समाधानानं लिहिलं, खोटं कशाला सांगू.

इंदूरला डोळ्यांवर पट्टी, मान हलवायची नाही. दादांनी आठ दिवस पडल्यापडल्या शेजारच्या खाटांना तो शेवट ऐकवला, चावीच्या वाक्यासकट. नर्सला पाठ झाला.

घरी आल्यावर जाड चष्मा लावला आणि पहिलं तेच पुस्तक मागितलं. शेवट स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचा होता. थोड्या वेळानं हाक आली. "कमल, तू हे कुठून वाचलंस?"

शेवटच्या सोळा पानांत खून नव्हताच. किल्ल्याला वेढा पडला होता, तोफा डोंगर चढत होत्या. चाचांनी दुसऱ्याच कादंबरीचा गठ्ठा लावला होता... आकडे तेच, १७७ ते १९२. आमची चिठ्ठी त्यातच होती, माझ्या अक्षरात : 'डॉक्टर. चूक.'

ती दुसरी कादंबरी दोन महिने, म्हणजे आम्ही इंदूरला निघायच्या आधीपासून, नेपानगरच्या एका वाचकाकडे होती. रविवारी ते वाचनालयात आले ते वैतागूनच. "लढाई ऐन रंगात, अन् मधेच हा घड्याळवाला कोण?" दादांनी पुस्तक मागून घेतलं आणि ती पानं मोठ्यानं वाचली. मी बाजूला उभी राहून ऐकलं. शब्द न् शब्द तोच. चावीचं वाक्यही.

आधी कधी वाचलं असेल, असं म्हणाल. दुसरी प्रत गावात नाही. आणि वाचलं असतं तर खुनी मीच आधी सांगितला असता. दादांना हरवायची संधी मी सोडणारी नाही.

दादांना विचारलं तर म्हणाले, "त्या दिवशी वेढा वाचला असतास, तर मी गाडीत बसलोच नसतो. बस, अजून काय पाहिजे?"

पुरावा मागाल तर एक चिठ्ठी आहे, आणि दादांची नजर. उत्तर मला आलेलं नाही. आता दुपारी दादा मला वाचून दाखवतात. शेवटचं प्रकरण आलं की मी हातातलं काम टाकते आणि त्यांच्या खांद्यावरून पान बघून घेते.