ओढणाऱ्या गाडीचं तेल

द्वारकेजवळ माझ्या गाडीचा गिअरबॉक्स बसला. टोइंगवाल्याने खाली गळलेल्या तेलात बोट बुडवून हुंगलं आणि मलाच झापलं, "टाइम पे तेल नहीं बदलवाते आप लोग!"

माझी गाडी मागे हुकाला अडकवून झाल्यावर मी त्याच्या ट्रकमध्ये बसले. फ्लायओव्हरच्या चढावर त्याचाच गिअर सुटला. जळका वास आला आणि माझ्या गाडीसकट आम्ही मागच्या बसवर घसरू लागलो. ब्रेकवर जवळजवळ उभं राहून त्याने गिअर पुन्हा ठोकून बसवला.

"भैया, आपने कब बदलवाया था?" मी विचारलं.

"खींचनेवाली गाडी का तो और जल्दी बदलना चाहिए, मॅडम," तेलकट बोट पँटला पुसत तो म्हणाला. "पर उस दिन गाडी खडी रखनी पडती है, कमाई बंद."

गॅरेजपाशी हुक सोडवताना त्याचा फोन वाजला. "बस, निकल गया," म्हणत तो परत त्याच फ्लायओव्हरकडे वळला.